दाराला लावलेलं सोनं



सोन्याचा भाव चढला की आपल्या गप्पांना दुसरा विषय राहत नाही. लग्न ठरलेल्या घरात काळजी, ज्यांनी वेळेवर घेऊन ठेवलं त्यांच्या घरात कौतुक. आज मी भावाबद्दल लिहिणार नाही. एका शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीतून वाहणाऱ्या ओढ्यात सोनं निघालं, त्याचं पुढे काय झालं, ते सांगणार आहे. गोष्ट अमेरिकेतली आहे, सव्वादोनशे वर्षांपूर्वीची. पण तिच्यात भागीदारी आहे, वाटणी आहे, कोर्टकचेरी आहे. म्हणजे परकी वाटू नये.

जॉन रीड हा मूळचा जर्मनीतल्या हेसचा. अमेरिका इंग्रजांशी स्वातंत्र्यासाठी लढत होती तेव्हा इंग्रजांनी तिथून भाडोत्री सैनिक नेले होते, त्यांतला तो एक. सैन्य सोडून तो नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या जर्मन लोकांच्या वस्तीत आला आणि शेती करू लागला. आज त्या भागाला कॅबॅरस काउंटी म्हणतात. त्याच्या शेतातून एक लहानसा ओढा जातो, लिटल मेडो क्रीक. उन्हाळ्याच्या शेवटी जवळजवळ आटणारा.

1799 साली एका रविवारी आईवडील चर्चमध्ये गेले असताना त्यांचा बारा वर्षांचा मुलगा कॉनरॅड भावंडांबरोबर ओढ्यावर मासे मारायला गेला. पाण्यात काहीतरी पिवळं चमकलं. मुलाने तो दगड उचलून घरी आणला. वजन 17 पौंड, आपल्या हिशोबाने पाचशे तोळ्यांहून जास्त! वडिलांनी तो कॉन्कॉर्ड गावातल्या एका चांदीकाम करणाऱ्याला दाखवला. त्यालाही ओळखता आला नाही. मग दगड घरात आला तो दाराला लावायला. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून आपण वीट किंवा पाटा लावतो, तसा. तीन वर्षं तो तिथेच होता. घरातली केरवारा करणारी बाई तो रोज सरकवत असेल आणि परत जागेवर ठेवत असेल.

1802 साली रीड बाजाराच्या कामाला फेएटव्हिलला गेला, तेव्हा दगड बरोबर घेऊन गेला. तिथल्या सराफाने बघताक्षणी ओळखलं. त्याने सोनं वितळवून लांब लगड पाडली आणि रीडला विचारलं, काय घेणार? रीडने आपल्या मते भरपूर मागितले: साडेतीन डॉलर. म्हणजे साधारण एका आठवड्याची मजुरी. सराफाने लगेच दिले. त्या सोन्याची खरी किंमत होती 3,600 डॉलरच्या आसपास.

मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे आकडे दिसले की हात शिवशिवतो. हिशोब करून बघितला. हजार रुपयांच्या मालाला रीडला मिळाले सत्त्याण्णव पैसे. एक रुपयाही पुरता नाही.

याला सराफाने फसवलं म्हणायचं का? रीडने मागितलं तेवढं त्याने दिलं, खोटं काही बोलला नाही. पण माल काय आहे हे दोघांपैकी एकालाच माहीत होतं, आणि ज्याला माहीत होतं त्यानेच समोरच्याला भाव सांगायला लावला. वजन-मापात खोट नसली तरी असा व्यवहार आपल्याकडे जुनी माणसं चांगला म्हणणार नाहीत. आपल्यापैकी कितीजणींनी सासूबाईंची पाटली किंवा आजीची जुनी वजनदार साखळी मोडायला नेली आणि सराफाने काट्यावर ठेवून सांगितला तो आकडा मान डोलावून घेतला? घट किती धरली, कॅरट किती लावलं, आजचा भाव कोणता, हे विचारायचा संकोच वाटतो. तो संकोच महाग पडतो, एवढं या साडेतीन डॉलरवरून कळतं.

पाण्यात रोळलेलं सोनं

रीडला आपली चूक कळल्यावर तो ओढ्याकडे वळला. आता ओढ्यात सोनं येतं कुठून, आणि काढतात कसं, ते बघू.

डोंगरातल्या पांढऱ्या गारेच्या दगडात सोन्याच्या शिरा असतात. हजारो-लाखो वर्षं ऊन-पाऊस खाऊन दगड झिजतो, फुटतो, आणि त्यातले सोन्याचे कण पावसाबरोबर ओढ्यात उतरतात. वाळू हलकी, ती वाहून जाते. सोनं त्याच आकाराच्या वाळूच्या सातपट जड, ते लवकर तळ गाठतं. ओढ्याच्या वळणावर आतल्या बाजूला, मोठ्या दगडांच्या आडोशाला, तळाच्या खडकाच्या भेगांत ते अडकून राहतं. सोन्याला गंज चढत नाही, त्यामुळे कितीही वर्षांनी निघालं तरी पिवळंच.

काढायची रीत तुम्हाला ठाऊक आहे, फक्त तुम्ही ती तांदळावर केलेली आहे. पूर्वी रेशनच्या तांदळात खडे असायचे तेव्हा आपण तांदूळ रोळून घ्यायचो ना? भांड्यात भरपूर पाणी, तांदूळ हलवत हलवत वरचेवर दुसऱ्या भांड्यात सोडायचे. जड खडे मागे तळाला राहायचे. सोन्याचंही अगदी तेच. पसरट थाळीत ओढ्यातली वाळू-रेती घ्यायची, थाळी पाण्याखाली धरून हलवायची म्हणजे जड ते खाली बसतं, मग थाळी किंचित तिरकी करून वरची हलकी वाळू पाण्याबरोबर काठावरून सोडून द्यायची. असं पुन्हा पुन्हा. शेवटी तळाला काळी जड रेती उरते आणि नशीब असेल तर तिच्या कडेला पिवळा कण. आपण तळाचं फेकतो आणि वरचं ठेवतो, ते लोक वरचं सोडतात आणि तळाचं ठेवतात, एवढाच काय तो फरक.

यापेक्षा मोठं काम करायला पाळण्यासारखी झुलणारी लाकडी पेटी असायची. वर चाळणी, खाली आडव्या पट्ट्या. वरून पाणी ओतत पेटी झुलवायची, सोनं पट्ट्यांच्या मागे अडकायचं.

चार भागीदार आणि एक पीटर

1803 साली रीडने आणखी तिघांना बरोबर घेऊन भागीदारी केली. जमीन रीडची. हत्यारं आणि माणसं भागीदारांची. उत्पन्न समान वाटून घ्यायचं.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. या लोकांनी शेती सोडली नाही. शेतातली कामं आटोपली, ओढा आटत आला, की उन्हाळ्याच्या शेवटी थोडे आठवडे सोनं धुवायचं आणि मग परत शेत. घरात धान्य येणार याची खात्री सोडून कोणी ओढ्यात उतरलं नाही. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनीही आपापले ओढे याच पद्धतीने चाळले. 1824 पर्यंत रीडच्या ओढ्यातून अंदाजे एक लाख डॉलरचं सोनं निघालं असं सांगतात. वर्षाला सरासरी काढली तर साडेचार हजार, चौघांत सारखं वाटलं असं धरलं तर प्रत्येकी अकराशेच्या वर. साडेतीन डॉलर आठवड्याच्या मजुरीने माणूस वर्षभर राबला तर 182 डॉलर होतात. म्हणजे थोड्या आठवड्यांच्या जोडधंद्यात एका मजुराच्या सहा वर्षांची कमाई.

पण हिशोब इथे संपत नाही. भागीदारांनी जी ‘माणसं’ दिली त्यांत गुलाम होते. पहिल्याच वर्षी 28 पौंडांचा गोळा सापडला, आठशे तोळ्यांच्याही वर. तो ज्याच्या हाताला लागला त्याचं नाव पीटर. तो गुलाम होता. भागीदारांची नावं आडनावासकट इतिहासात आहेत, किझर, लव, फायफर. पीटर नुसता पीटर.

जमाखर्चाची वही डोळ्यांसमोर आणा. जमेच्या बाजूला 28 पौंड सोनं. खर्चाच्या बाजूला थाळी, फावडं, लाकडी पेटी. पीटरच्या मजुरीची ओळच नाही. आणि त्या काळच्या वहीत पीटर स्वतः कुठे लिहिला जाई? मालमत्तेच्या यादीत, जमीन आणि जनावरांच्या बरोबर. ओढ्यातल्या त्या सहापट नफ्याची ही दुसरी बाजू आहे. शेतीबरोबर हौसेने सोनं धुणाऱ्या कुटुंबांची गोष्ट गोड वाटते खरी, पण त्यातला वाकून, पाण्यात उभं राहून करायचा किती भाग पीटरसारख्यांच्या पाठीवर होता, हे विसरून ती सांगू नये.

जमिनीखाली, आणि मग कोर्टात

1825 साली त्याच भागात मॅथियास बॅरिंजर नावाच्या माणसाने ओढ्याऐवजी टेकडीतल्या पांढऱ्या दगडात सोन्याचा माग काढला. तेव्हापासून काम बदललं. विहिरीसारखे खड्डे, बोगदे, यंत्रं, भांडवल. रीडच्या जमिनीतही 1831 पासून जमिनीखाली खोदकाम सुरू झालं.

तीनच वर्षांत घरात भांडण लागलं. हक्कावरून आणि वाटणीवरून प्रकरण कोर्टात गेलं, मनाईहुकूम आला आणि खाण दहा वर्षं बंद पडली. ओढा आटला नव्हता, सोनं संपलं नव्हतं. घरातली माणसं एकमेकांशी बोलायची थांबली, एवढंच. ओढ्याकाठी चार वेगवेगळ्या घरांतल्या माणसांची भागीदारी वर्षानुवर्षं चालली आणि एका घरात ती टिकली नाही. कारण मला तरी सोपं दिसतं. बाहेरच्यांशी आपण आधी बोलून ठरवतो, घरातल्यांशी ‘आपलंच आहे’ म्हणून ठरवत नाही. साडेतीन डॉलरला सोनं विकणारा जॉन रीड 1845 साली वारला तेव्हा श्रीमंत होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत खाण लिलावात गेली. पुढे ती अनेक हातांतून फिरली. 1896 साली तिथे शेवटचा मोठा गोळा मिळाला आणि 1912 साली जमिनीखालचं काम कायमचं थांबलं.

त्या राज्याला मात्र या ओढ्यांनी बरंच काही दिलं. 1829 पर्यंत फिलाडेल्फियाच्या सरकारी टांकसाळीत देशातल्या ज्या सोन्याची नाणी पडली ते सगळं नॉर्थ कॅरोलिनाचं होतं. फिलाडेल्फिया लांब, वाटेत चोरीची भीती, म्हणून ख्रिस्तोफर बेक्टलर या जर्मन सोनाराने 1831 साली रुदरफर्डटनजवळ स्वतःची टांकसाळ घातली. शेतकऱ्यांनी सोनं आणायचं, त्याने नाणी पाडून द्यायची. नाण्यावर वजन आणि कॅरट छापलेलं असे. आपल्याकडे हॉलमार्क आता कुठे घरोघरी माहीत झाला. अमेरिकेतलं पहिलं सोन्याचं एक डॉलरचं नाणं त्याचंच, सरकारने ते 1849 साली काढलं. रीडला जे फेएटव्हिलमध्ये मिळालं नाही ते बेक्टलरने दिलं: आपलं सोनं किती आणि कसं, हे नाणं हातात घेऊन ज्याचं त्याला वाचता यावं. पुढे 1837 साली शार्लटला सरकारी टांकसाळ उघडली, ती यादवी युद्धात 1861 साली बंद झाली. आज ती इमारत कलासंग्रहालय आहे.

1848 साली कॅलिफोर्नियात जॉन सटरच्या लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात सोनं दिसलं आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. सटर तिथला मोठा जमीनदार होता. त्याचे कामगार पळाले, लोंढे आले, पिकं तुडवली गेली, जमिनी बळकावल्या गेल्या. भरपाईसाठी सरकारकडे अर्ज करता करता 1880 साली तो वॉशिंग्टनमध्ये वारला. सोनं दोन्हीकडे निघालं. रीडकडे ते शेतीच्या सवडीने निघालं, सटरकडे त्याने शेतीच बुडवली.

आपल्याकडचे झारेकरी

ही विद्या आपल्याकडेही आहे बरं का. सोनाराच्या दुकानातला केर, शेगडीची राख, पेढीसमोरच्या गटारातली माती धुवून त्यातलं सोनं-चांदी वेगळं करणारे ते झारेकरी. बालाघाट, मंडला भागांत नदीची वाळू धुणारे सोनझरी. सोनाराच्या पेढीवर केर बाहेर का टाकत नाहीत, ते यावरून कळेल. दिवसभर चिखल धुवून संध्याकाळी हाती येणारा तो कण असतो, आणि त्याचीही किंमत सराफच ठरवतो. रीडची साडेतीन डॉलरची अडचण या लोकांना आयुष्यभर असते.

रीडची ती जागा आता राज्य सरकारने जपली आहे. लोक मुलांना घेऊन जातात, थोडे पैसे भरून थाळीत वाळू धुतात आणि एखादा कण सापडला की बाटलीत घालून घरी आणतात. ज्यांच्या स्वतःच्या जमिनीत ओढा आहे ते सुट्टीच्या दिवशी आपल्याच ओढ्यावर थाळी घेऊन बसतात. त्यात पेट्रोलचा खर्चही सुटत नसेल, पण पाण्यात पाय सोडून बसायला मिळतं आणि मुलांना आपल्या पायाखालची माती कळते.

तुमच्या घरातलं जुनं सोनं एकदा कपाटातून काढा. वजन, कॅरट, कोणाकडून आलं, कोणाला द्यायचं, एका वहीत लिहा, आणि मुली-सुना-मुलांना समोर बसवून वाचून दाखवा. तुमच्याकडे तांदूळ रोळायला दुसरा शब्द असेल तर तोही मला कळवा. कोल्हापूरकडच्या आणि विदर्भातल्या मैत्रिणींकडून ऐकायला आवडेल.