आवा (पुरातत्त्व)

आवा : कुंभाराने मडकी भाजण्यासाठी रचलेली भट्टी. भांडी नेमकी कोठे घडली याचा आव्याच्या अवशेषांइतका खात्रीचा पुरावा दुसरा नाही.

रोमन साम्राज्यातील भट्ट्या बहुधा बांधीव असत. खाली जाळाची खोली, तिच्यावर भोके ठेवलेली जमीन आणि त्या जमिनीवर भांड्यांची चळत. दक्षिण फ्रान्समधील ला ग्रोफसांक येथे भट्टीत लावलेल्या मालाच्या याद्याही खापरांवर कोरलेल्या मिळाल्या आहेत. भट्टीची भाजलेली माती निवताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवते; त्यावरून शेवटच्या भाजणीचा काळ काढता येतो.

त्याच सुमारास दख्खनवर सातवाहनांचे राज्य होते. नेवासे, तेर, पैठण, जुन्नर येथे त्या काळची खापरे विपुल सापडतात. नेवासे व जुन्नर येथे भूमध्यसागरी अँफोरा कुंभांचे तुकडेही मिळाले. आवे मात्र क्वचितच हाती लागतात. याचे मुख्य कारण भाजणीची रीत हे असावे. मडकी, गोवऱ्या, काटक्या यांचा थर रचून वर तूस व राख लोटली, की आवा तयार. भाजणी झाली की तो मोडायचा. मागे उरते ती राख आणि थोडी तांबूस झालेली जमीन. पुणे जिल्ह्यातील मुळशीसारख्या घाटमाथ्यालगतच्या मुलुखात तीही पावसात टिकणे कठीण. म्हणून आवे मिळाले नाहीत एवढ्यावरून तेथे कुंभारच नव्हते असा निष्कर्ष काढणे चूक आहे.

भाजणी कशी झाली हे मग भांड्यालाच विचारावे लागते. काळ्या-तांबड्या भांड्यांचा आतला भाग व काठ काळा, बाहेरचा भाग तांबडा असतो. ती पालथी भाजल्यामुळे आत हवा पोचली नाही, असे सामान्यतः मानले जाते.

पुणे जिल्ह्यातील मोलाचा पुरावा सातवाहन काळाहून हजारभर वर्षे जुना आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी यांच्या या कामात ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या पूर्व काळातील (इ. स. पू. सु. 1400–1000) कुंभाराची गोलाकार भट्टी उजेडात आली. टिचकी मारताच खणखणणारी जोर्वे भांडी उघड्यावरच्या ओबडधोबड जाळाची नव्हेत, हे या भट्टीमुळे स्पष्ट झाले.

असे अवशेष दुर्मीळ असल्याने घराचा पाया खणताना राखेचा थर, लाल भाजलेली माती आणि एकमेकांना चिकटलेली वेडीवाकडी खापरे एकत्र दिसली, तर काम थांबवून राज्य पुरातत्त्व विभागाला कळवावे.