मस्कतची फिर्याद, मुंबईचे न्यायासन

जलाली आणि मिराणी या दोन किल्ल्यांच्या मधोमध, मस्कतच्या बंदराकडे तोंड करून ब्रिटिश वकिलातीची जी इमारत उभी होती, तिच्या आवारातील ध्वजस्तंभाला जो गुलाम धावत येऊन दोन्ही हातांनी कवटाळील, त्यास मुक्तीचा दाखला मिळावा असा तेथील रिवाज होता. आणि असा दाखला मागावयास आलेल्यांत स्त्रियाही होत्या, ही गोष्ट विसाव्या शतकातील दप्तरांतही नमूद आहे. न्याय मागणारी स्त्री ओमानच्या किनाऱ्यावर आपणांस अशी भेटते. न्याय देणारी स्त्री मात्र समुद्राच्या या तीरावर, मुंबईस, प्रथम दिसावयाची होती.

हा मुंबईचा संबंध ओढूनताणून जोडलेला नव्हे. मस्कतचा राज्यकर्ता सय्यद सईद याने इंग्रजांशी १८३९ मध्ये केलेल्या तहान्वये ब्रिटिश प्रजेचे आपसांतील तंटे कॉन्सलकडे गेले, आणि पुढे १८६७ च्या हुकुमाने त्या कॉन्सली अदालतीची बैठक निश्चित झाली, तेव्हा मस्कतच्या पेढीवर खजूर, कापड व तांदूळ यांच्या देवघेवीतून उठलेल्या हिंदी व्यापाऱ्याच्या फिर्यादीची वाट अखेर मुंबई इलाख्याच्या उच्च न्यायालयाकडे वळली. परराष्ट्रीयांवरील हा खास अंमल १९६७ च्या आरंभी संपला.

ज्या न्यायालयाकडे ही अपिले येत, तेथे मिठन टाटा या पहिल्या स्त्रीस वकिलीची सनद मिळावयास १९२४ साल उजाडावे लागले. आणि न्यायासनावर स्त्री बसावयास त्यानंतर आणखी चोपन्न वर्षे जावी लागली, ही दिरंगाई मला आजही लाजिरवाणी वाटते. २३ जानेवारी १९७८ रोजी सुजाता मनोहर मुंबईच्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती झाल्या. गुजरातचे मुख्य न्यायाधीश झालेल्या के. टी. देसाई यांच्या या कन्येचे शिक्षण एल्फिन्स्टन व ऑक्सफर्ड येथे झाले होते, तरी विद्वत्तेच्या व घराण्याच्या या जोडीनेही दार आपोआप उघडले नाही. १९९४ मध्ये त्या मुंबईच्या मुख्य न्यायाधीश झाल्या, तेथून केरळास गेल्या, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्या. त्यांच्या आधी त्या न्यायासनावर केवळ फातिमा बीवी याच स्त्री न्यायमूर्ती बसल्या होत्या.

त्यांच्या कारकिर्दीतील ज्या निवाड्याकडे मी वारंवार वळतो तो १३ ऑगस्ट १९९७ चा, विशाखा प्रकरणाचा. कामाच्या जागी स्त्रीची होणारी लैंगिक छळणूक थांबविणारा कायदा देशात नव्हता. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती वर्मा, मनोहर व किरपाल यांच्या पीठाने, स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाच्या निर्मूलनाच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने १९९३ मध्ये मान्यता दिली होती, त्याचा आधार घेऊन कामाच्या जागांवर बंधनकारक अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. कायदेमंडळाने रिकामी ठेवलेली जागा न्यायासनाने भरावी, हे मला त्या प्रसंगी सर्वथा योग्य वाटते.

तोच करार ओमानने काही बाबी राखून २००६ मध्ये स्वीकारला. तत्पूर्वी १९९६ च्या मूलभूत कायद्याने लिंगभेदावरून होणारा भेदभाव निषिद्ध ठरविला होता, आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारी अभियोक्त्याच्या पदावर ओमानी स्त्रिया येऊ लागल्या. २००८ च्या पुराव्याच्या कायद्याने दिवाणी व व्यापारी दाव्यांत स्त्रीची साक्ष पुरुषाच्या साक्षीच्या बरोबरीची मानली. विवाह, वारसा आदी घरगुती बाबी मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या.