पोथीतले फूल

गेल्या दिवाळीआधी माळा आवरायला काढला, तेव्हा आजीची 'हरिविजया'ची जुनी बांधीव प्रत हाती लागली. पानांना कसर लागलेली, पुठ्ठा निखळलेला. उघडली तर मधोमध एक गुलाबाचे फूल. चपटे, चहाच्या रंगाचे झालेले. दोन्ही पानांवर त्याचा तपकिरी डाग उमटला होता.

आईला विचारले, तर ती म्हणाली, ''सासूबाईंचं आहे. मी लग्न होऊन आले तेव्हाही ते तिथंच होतं. असू दे.'' आत्याचे म्हणणे, ते नरसोबाच्या वाडीचा प्रसाद असावा. काकांना वाटते, आजोबा नोकरीसाठी मुंबईला निघाले तेव्हा त्यांनी ते दिले असावे. आजीला जाऊन तीस वर्षे उलटली. आता कुणाला विचारणार?

फूल जपण्याची ही खोड फार जुनी आहे. आपल्याकडे तर ती घरोघरी असते. शाळेच्या पुस्तकात आपण पिंपळपान ठेवतो आणि त्याची जाळी व्हायची वाट पाहतो. कोकणातल्या कित्येक घरांत बाटलीतल्या पाण्यात सोनचाफा ठेवलेला दिसायचा. बकुळीची फुले तपकिरी होतात, चुरगळतात, पण वास सोडत नाहीत. म्हणून त्यांचा गजरा कपड्यांच्या ट्रंकेत जायचा.

पण फार जुनी जपलेली फुले पाहायची तर इजिप्तमध्ये जावे लागेल. तूतनखामून या तरुण राजाचे थडगे हॉवर्ड कार्टरने १९२२ मध्ये शोधून काढले. फेब्रुवारी १९२४ मध्ये आतल्या दगडी पेटीचे झाकण उचलले गेले, तेव्हा सोन्याने मढवलेल्या शवपेटीच्या कपाळावर एक चिमुकला फुलांचा हार दिसला. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा, आणि तरी फुलांत रंगाची थोडी छटा उरलेली. एवढ्या सगळ्या सोन्यापेक्षा ती सुकलेली फुलेच आपल्याला अधिक सुंदर वाटली, असे कार्टरने लिहून ठेवले आहे. राजाच्या तरुण विधवा राणीने ती अखेरचा निरोप म्हणून वाहिली असावीत, असेही त्याने म्हटले.

पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी थडग्यातली फुले व फळे तपासली. ऑलिव्हची पाने, कॉर्नफ्लॉवर नावाची निळी फुले, कमळाच्या पाकळ्या त्यांनी ओळखल्या. ही फुले आणि फळे कोणत्या ऋतूत येतात त्यावरून राजाचा दफनविधी मार्च-एप्रिलच्या सुमारास झाला असावा, असा अंदाज बांधता आला. फुलांनी ऋतू सांगितला. पण हार वाहणारा हात कुणाचा, हे ती सांगू शकली नाहीत. राणीची गोष्ट हा कार्टरच्या मनाचा तर्क. आमच्या आत्याचा आणि काकांचा आहे, तसाच.

ही उणीव प्रथम भरून काढली ती अभ्यासकांनी. सोळाव्या शतकात इटलीत लुका गिनी नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक होते. हिवाळ्यात ताज्या वनस्पती मिळेनात, तेव्हा विद्यार्थ्यांना दाखवायचे काय? झाडाची डहाळी फुलासकट कागदांत दाबून सुकवायची आणि जाड कागदावर चिकटवायची, ही पद्धत रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. अशा संग्रहाला तेव्हा 'कोरडी बाग' म्हणत. आज आपण हर्बेरियम म्हणतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे, तिथे असे लाखाहून अधिक नमुने आहेत. रीत साधीच: टीपकागद, वरून वजन, आणि ओल जाईपर्यंत कागद बदलत राहायचे. खरे महत्त्व कोपऱ्यातल्या चिठ्ठीला. झाडाचे नाव, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. ही चिठ्ठी नसेल तर नमुन्याची किंमत जवळजवळ शून्य.

शास्त्राची ही शिस्त काही हळव्या माणसांनीही पाळली. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनने मुलगी असताना, १८४० च्या दशकात, ६६ पानांच्या वहीत ४२४ फुले-पाने चिकटवली आणि पुष्कळांखाली शास्त्रीय नावे लिहिली. हार्वर्ड विद्यापीठात जपलेली ती वही आता इतकी नाजूक झाली आहे, की अभ्यासकांना तिची छायाचित्रेच पाहावी लागतात.

दुसरे उदाहरण रोझा लक्झेंबर्गचे. राजकारणात निखाऱ्यासारख्या असलेल्या या बाईने मे १९१३ मध्ये फुलांच्या वह्या सुरू केल्या. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून तिला तुरुंगात टाकले, पण वह्या थांबल्या नाहीत. तुरुंगाच्या आवारात उगवलेली, मैत्रिणींनी पाठवलेली फुले ती दाबून ठेवी आणि खाली नाव व तारीख घाली. जानेवारी १९१९ मध्ये बर्लिनमध्ये तिची हत्या झाली. त्या वह्या वॉर्सात आहेत. त्या उलटताना कोणत्या महिन्यात, कोणत्या भिंतींआड तिच्या हाती कोणते फूल होते, हे शंभर वर्षांनंतरही कळते.

आजीला लिहिता येत होते. पोथीच्या पहिल्या पानावर तिने आपले नाव वळणदार अक्षरांत घातले आहे. मग फुलापाशी दोन शब्द का लिहिले नाहीत? कदाचित तिला ते लक्षात ठेवायला चिठ्ठीची गरज नव्हती. कदाचित एकत्र कुटुंबात, दहा जणांच्या हाताखालून जाणाऱ्या पोथीत, न लिहिणेच शहाणपणाचे होते. ते तिचे तिने ठरवले. तिच्या वतीने आज मी गोष्ट रचणार नाही.

मी एवढेच केले. फूल पातळ कागदाच्या घडीत ठेवले, म्हणजे पोथीला आणखी डाग पडू नये. कागदावर लिहिले: 'आजीच्या हरिविजयात सापडले. कुणी दिले, माहीत नाही.' खाली तारीख आणि माझे नाव.

मग माझ्या कपाटातला एक शब्दकोश काढला. त्यात सोनटक्क्याची एक पाकळी आहे, सत्तावीस वर्षांपूर्वीची. ती कुणी दिली ते मला चांगले ठाऊक आहे, आणि माझ्याशिवाय फक्त एकाच माणसाला. त्या माणसाला विचारून, दोघांच्या संमतीने, तिच्याखाली दोन ओळी लिहिल्या.

तुमच्याही घरात एखादे पुस्तक असे मधेच फुगलेले असेल. सांगण्यासारखे असेल तर आजच एक चिठ्ठी लिहून ठेवा. पेन्सिलीने लिहा, शाई पसरते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)