दूर गेलेला सूर्य

प्युरिटन म्हटलं की कडक धर्म आणि बायकांवरची बंधनं आठवतात. त्याच समाजात ॲन ब्रॅडस्ट्रीट ही कवयित्री होती. १६३० मध्ये ती नवऱ्याबरोबर इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला आली. पुढे आठ मुलं झाली आणि सायमन कारभारासाठी वरचेवर बाहेरगावी असायचा.

विरहाच्या कवितेत तिनं त्याला सूर्य म्हटलं, स्वतःला गारठलेली पृथ्वी. सूर्य मकर राशीत गेलाय, आता कर्केत परत यावा, म्हणजे ऊब मिळेल. मुलं ही त्याच उबेची फळं!

माणसावरचं प्रेम देवावरच्या प्रेमाहून वरचढ होऊ नये, अशी प्युरिटनांची शिकवण. पण नद्यांनाही न विझणाऱ्या प्रेमाची प्रतिमा तिला मिळाली ती बायबलमधल्या ‘गीतरत्ना’तच. धर्मग्रंथानंच तिला प्रेमाचे शब्द दिले.

बाळंतपणाआधी लिहिलेल्या कवितेत मात्र ती सरळ बोलते: मी गेले, तर मुलांना सावत्र आईच्या जाचापासून जप. त्या काळी प्रत्येक बाळंतपणात ही भीती असे.

ॲन १६७२ मध्ये वारली. नवऱ्यासाठी लिहिलेल्या या कविता छापून आल्या १६७८ मध्ये, बोस्टनला. घरातलं हे बोलणं तेव्हा कुठे जगानं ऐकलं.