अध्यापक-प्रशिक्षण : चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेशातील
शिक्षणशास्त्राचा तात्त्विक अभ्यास व प्रत्यक्ष वर्गाध्यापन यांची सांगड घालणे, हे अध्यापक-प्रशिक्षणाचे मुख्य कार्य होय. चंद्रपूर व त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली या जिल्ह्यांत ही सांगड विशेष अवघड ठरली. कारण येथे शिक्षकाची व बालकाची भाषा पुष्कळदा भिन्न असते. भामरागड, एटापल्ली या भागांत माडिया व गोंडी, तर सिरोंचा भागात तेलुगू बोलली जाते.

हा प्रदेश मध्य प्रांतात असताना ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण-परिषद भरली. तीतून व झाकिर हुसेन समितीच्या अहवालातून मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढे आली. मातृभाषा हे माध्यम व हस्तोद्योग हा केंद्रबिंदू, ही तिची प्रमुख तत्त्वे होत. रविशंकर शुक्ल यांच्या विद्यामंदिर योजनेसाठी १९३८ मध्ये वर्धा येथे प्रशिक्षण-शाळाही निघाली. तथापि प्रांताच्या शालेय व्यवहारात मातृभाषेचे स्थान मराठी व हिंदी यांना लाभले. गोंडीला ते मिळाले नाही.

अध्यापक महाविद्यालयांतील सराव-पाठांवर हर्बार्ट-संप्रदायाच्या पंचपदीचा दीर्घकाळ प्रभाव होता. पाठाचे टाचण काढावे, प्रश्न विचारून पूर्वज्ञान जागृत करावे व नंतर विषय-प्रतिपादन करावे, असा तिचा क्रम असे. प्रश्नाची भाषाच परकी असल्यास हा क्रम पहिल्याच पायरीवर खुंटतो, आणि बालकाचे मौन मंदबुद्धीचे लक्षण समजले जाण्याचा धोका असतो. गोंडी ही द्राविड भाषा असून तीत नामांची पुल्लिंगी व पुल्लिंगेतर अशी दोनच लिंगे आहेत. त्यामुळे मराठीतील तीन लिंगे वापरताना गोंडीभाषक बालकाच्या होणाऱ्या चुकांमागे बहुधा घरच्या भाषेचे व्याकरण असते. हे ज्ञान भाषाशास्त्राच्या ग्रंथात आढळते. ते वर्गात उपयोगी पडावे, यासाठी प्रशिक्षणार्थीला गावात राहून बालकांचे बोलणे ऐकावे लागते.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) अध्यापक-शिक्षणाची विद्यापीठीय जीवनापासून, शाळांपासून व परस्परांपासून झालेली फारकत निदर्शनास आणली. महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षकांची पदविका विद्यापीठाबाहेरच राहिल्याने ही फारकत येथेही जाणवली. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये हेमलकसा येथे स्थापिलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात मात्र कार्यकर्ते प्रथम माडिया भाषा शिकले. शाळा १९७६ मध्ये निघाली. भाषा आधी व शाळा नंतर, हा तेथील क्रम प्रशिक्षणाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमाने (२००९) शक्यतोवर मातृभाषेतून शिकविण्याचे तत्त्व मान्य केले. २०११ मध्ये नागपूर विद्यापीठाचे विभाजन होऊन गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी शिक्षणशास्त्र पदवीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला व त्यात किमान वीस आठवडे शालेय अनुभवासाठी राखले. विद्यापीठ जवळ आले व शाळेतील काळही वाढला. परंतु केवळ काळ वाढल्याने सांगड साधत नाही. सराव-पाठाच्या मूल्यमापनात पाठाच्या मांडणीइतकेच बालकाच्या भाषेच्या जाणकारीला स्थान मिळणे, ही या प्रदेशातील प्रशिक्षणाची मूलभूत गरज होय.