हिरवं नख



मार्च महिन्यातल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करायचे राहून गेले आणि अर्धा तास नखांवरच बोलणं झालं. झालं असं, की गटातल्या एका ताईची कॉलेजात जाणारी पोरगी मोबाईलमध्ये फोटो घेऊन आली. फोटोत गोऱ्या बायांचे हात होते आणि सगळ्यांची नखं हिरवीगार. कुणाच्या नखावर तीन पानांची नक्षी, कुणाच्या नखावर सोनेरी टिकल्या. १७ मार्चला आयर्लंड देशाचा सण असतो, त्यासाठी हे रंगवतात, असं तिनं सांगितलं. नुसतं सांगून थांबली नाही, हिंगणघाटच्या बाजारातून आणलेली हिरव्या नेलपॉलिशची बाटली तिनं पिशवीतून काढली. मग काय, बाप्पा! ज्यांनी लग्नानंतर कधी नख रंगवलं नव्हतं त्यांनीही हात पुढे केले.

आमच्यातल्या एका काकूंनीही केला. त्यांचे मालक जाऊन नऊ वर्षं झाली. दोन नखं रंगवून झाली आणि मागून कुणीतरी हळूच बोललं, "तुम्हाले हिरवं कसं चालंन?" काकूंनी हात मागे घेतला. उरलेली तीन नखं तशीच राहिली.

बैठक संपली, पण ते आमच्या डोक्यातून गेलं नाही. हिरवा रंग नखावर आला कुठून, आणि तो कुणी लावायचा हे ठरवलं कुणी? आम्ही चौघीजणी त्याच्या मागे लागलो. जे हाती लागलं ते आज सांगतो.

आधी त्या परदेशी सणाचं. आयर्लंड हा इंग्लंडच्या शेजारचा देश. तिथले एक जुने संत, पॅट्रिक, यांचा स्मरणदिन म्हणजे १७ मार्च. तीन पानांचं एक बारीक रोपटं हातात धरून त्यांनी धर्म समजावला, अशी तिथली आख्यायिका आहे. ते रोपटं आपल्याला अगदीच परकं नाही. गाई-म्हशींना घालायला आपण बरसीम पेरतो ना, त्याच कुळातलं. गंमत म्हणजे या संताचा रंग आधी निळा मानत. हिरवा पुढे आला तो लढ्यातून. १७९८ मध्ये आयरिश लोकांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तेव्हा हिरवं अंगावर घालणं ही बंडखोराची खूण ठरली, आणि त्यासाठी लोकांनी मार खाल्ला. म्हणजे आज हौसेनं नखावर लागणारा रंग एके काळी जपून, लपवून लावावा लागत होता.

आयर्लंडशी आपल्या बायांचं आणखी एक नातं आहे. मार्गारेट कझिन्स नावाच्या एक आयरिश बाई १९१५ मध्ये भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. आपल्या देशात बायांना मताचा हक्क हवा म्हणून १९१७ पासून झटणाऱ्यांत त्या होत्या. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरलं, त्यामागेही त्यांचीच धडपड होती. आपण शाळेत 'जन गण मन' ज्या चालीवर म्हणतो, ती चाल सुरावटीत लिहून ठेवायला १९१९ मध्ये याच बाईंनी मदत केली. मताचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे नखापाशी तो परत येणार आहे.

आता आपल्या हिरव्याकडे येऊ. मार्चमध्ये आपल्या वावरात हिरवं काय उरलेलं असतं? पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या, हरभरा घरात आलेला, रस्त्याच्या कडेला पळस तेवढा लालभडक. बाहेर सगळं वाळलेलं असताना घरातल्या बाईच्या हातात मात्र हिरवा चुडा. लग्नात हिरव्या बांगड्या, डोहाळजेवणात हिरवी साडी आणि हिरव्या बांगड्या, देवीच्या ओटीत हिरवा खण. पीक उभं राहावं, कूस भरावी, घर नांदतं राहावं, एवढं सगळं आपण या एका रंगावर टाकलेलं आहे. आणि त्याला किती जपतो! चुड्यातली एखादी बांगडी पिचकली तर 'फुटली' म्हणत नाही, 'वाढली' म्हणतो. काच फुटली तरी शब्द फुटू द्यायचा नाही. पण नवरा गेल्यावर बाईच्या हातातल्या त्याच बांगड्या फोडतात, आणि तेव्हा 'फोडल्या' असंच म्हणतात.

नखांचं पाहिलं तर आपल्याकडे नख हिरवं कधीच नव्हतं, होतं ते लाल. मेंदीचा पाला हिरवा, वाटलेला गोळा हिरवा, पण नखावर चढतो तो केशरी-तांबडा. हातावरची मेंदी पंधरवड्यात जाते, नखावरची जात नाही. ती नखाबरोबर वर सरकत राहते आणि कापून कापून संपते. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नख बदलायला पाच-सहा महिने लागतात. आखाडात लावलेल्या मेंदीची चंद्रकोर संक्रांतीपर्यंत नखाच्या टोकाला दिसते ती याचमुळे. तेरड्यानंही नखं रंगतात. मेंदीत जे रंगद्रव्य असतं तेच तेरड्यातही आहे, म्हणून पार कोरियातल्या पोरीसुद्धा तेरड्याच्या पाकळ्या तुरटीबरोबर ठेचून नखावर बांधतात. आपल्याकडे 'तेरड्याचा रंग तीन दिवस' अशी म्हण आहे. ती फुलाला ठीक, नखावर तो महिनोन् महिने टिकतो.

पण हिरवा रंग देणारं असं झाड नाही. पानातला हिरवा रंग नखाला धरतच नाही, धुतला की गेला. त्यामुळे हिरव्या नखाला कारखान्यातल्या रंगाची वाट पाहावी लागली, आणि तिथं या गोष्टीत विष शिरलं.

१७७५ मध्ये शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं सोमल आणि तांबं यांच्यापासून एक हिरवा रंग केला. सोमल म्हणजे जुन्या काळी उंदरांना घालत ते विष. १८१४ मध्ये त्याहून झळझळीत हिरवा निघाला, पुढे त्याला पॅरिस ग्रीन म्हणू लागले. इंग्लंडात हा रंग भिंतींच्या कागदांना, झग्यांना, टोप्यांवरच्या कागदी फुलापानांना लागला. लंडनमध्ये मटिल्डा शॉयरर नावाची १९ वर्षांची मुलगी अशा कारखान्यात होती. खोट्या पानांवर हिरवी पूड भुरभुरवायची, हे तिचं काम. ती पूड तिच्या श्वासातून आणि जेवणातून रोज पोटात जात होती. नोव्हेंबर १८६१ मध्ये ती गेली. मरताना तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग हिरवा झाला होता, आणि नखंही हिरवी झाली होती. बड्या घरच्या बायांच्या टोपीवर पानं हिरवी दिसावीत म्हणून एका कामकरी पोरीची नखं हिरवी झाली. हे वाचताना आम्ही चौघी गप्प बसलो होतो.

पुढे हाच पॅरिस ग्रीन शेतात आला. अमेरिकेत बटाट्यावरच्या किडीवर आणि कापसावरच्या अळीवर तो मारू लागले. रंगाचं कीटकनाशक झालं. कापसावर विष मारण्याची रीत किती जुनी आहे बघा. आता तो रंग वापरात नाही, औषधं बदलली. पण २०१७ च्या हंगामात नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक कास्तकार आणि मजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी जवळून पाहिलं. पंपात पाणी भरून देणाऱ्या, फवारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी निंदायला जाणाऱ्या आपणच असतो. म्हणून एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो. नखाच्या फटीत औषध बसतं. फवारणीच्या दिवसात नखं बारीक ठेवा, आणि भाकरी मोडण्याआधी साबणानं नखांतून हात धुवा. आणखी एक, रंग न लावता एखादं नख आपोआप हिरवट पडलं तर हसण्यावारी नेऊ नका. सतत ओल्यात हात असले की नखाखाली जंतू वाढून असं होतं. दवाखान्यात दाखवा.

आता बाटलीतल्या नेलपॉलिशचं ऐका, कारण ते आपल्या वावरातूनच निघतं म्हणायला हरकत नाही. नखावर जो चकचकीत पापुद्रा बसतो, तो धरणारा पदार्थ कापसापासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून करतात. जिनिंगमधून रुई निघाल्यावर सरकीला जी बारीक लव चिकटून राहते, ती यासाठी चालते. तिच्यावर तेजाबाची प्रक्रिया केली की नवाच पदार्थ होतो. १८४६ मध्ये शोनबाइन नावाच्या शास्त्रज्ञाला तो सापडला. सांडलेलं तेजाब त्यानं बायकोच्या सुती ॲप्रननं पुसलं, ॲप्रन शेगडीपाशी वाळत घातला आणि तो भस्सकन पेटून गेला, असं सांगतात. बायकोनं काय म्हटलं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही! या कापसाचा पहिला उपयोग तोफा-बंदुकांच्या दारूसाठी झाला, मग सिनेमाच्या फिती झाल्या, मोटारींचा रंग झाला, आणि तिथून तो नखावर आला. आपल्या पुलगावात एके काळी कापसाची गिरणी होती आणि दारूगोळ्याचं मोठं भांडार आजही आहे. कापसाची ही दोन्ही टोकं एकाच गावात पाहायची तर लांब जायला नको. म्हणूनच नेलपॉलिश चुलीजवळ बसून लावू नये, ते पटकन पेट घेतं.

अमेरिकेत बाटलीतलं पातळ नेलपॉलिश १९१७ च्या सुमारास विकायला आलं. आपल्या देशात टाटांनी १९५२ मध्ये लॅक्मे सुरू केलं. हे नाव म्हणजे फ्रेंच तोंडातली आपली लक्ष्मीच. तरी बरीच वर्षं नेलपॉलिश म्हणजे लाल आणि गुलाबी. हिरवं, निळं, काळं आपल्या तालुक्याच्या दुकानांत दिसू लागलं ते अलीकडेच.

म्हणजे हिरवं नेलपॉलिश ही कालपरवाची वस्तू. आपल्या आजीच्या आजीनं ते पाहिलंही नव्हतं. मग त्याबद्दलचा नियम कुठून आला? आम्हाला तरी एवढंच दिसलं, की चुड्याचा नियम कुणी न विचारता बाटलीला चिकटवला.

आणि चुड्याच्या नियमालाही आपल्या बायांनी फार पूर्वी प्रश्न विचारलेला आहे. आपल्याच विदर्भातल्या, बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. बायको मेली तर पुरुषाचं काही जात नाही आणि नवरा मेला की बाईचं सगळं का जातं, हा त्यांचा रोकडा सवाल होता. त्याला अजून कुणी धड उत्तर दिल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

वर्ध्यात दागिना सोडण्याचाही इतिहास आहे, तो विसरून चालणार नाही. जमनालाल बजाजांच्या पत्नी जानकीदेवी यांनी ऐन तारुण्यात सोनं उतरवलं, पडदा सोडला आणि खादी घातली. कुणी म्हणेल, त्यांनी सोडलं तर तुम्हाला कशाला हवं? पण त्यांनी मनगट मोकळं केलं तेव्हा त्यांचे मालक शेजारी उभे होते, आणि पाठीशी देशाचं काम होतं. आपल्या काकूंच्या हातातलं काढलं गेलं ते अंत्यविधीच्या दिवशी, इतर बायांनी धरून. वर्धा हा कर्ज आणि नापिकीनं गांजलेला जिल्हा. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिलं त्यात आपणही होतो. अशा जिल्ह्यात तरुणपणी एकट्या पडलेल्या बाया प्रत्येक गावात आहेत. वावर त्या करतात, कर्ज त्या फेडतात, गटाचा हिशेब त्या लिहितात, आणि हळदीकुंकवाच्या दिवशी दारामागे उभ्या राहतात.

यातून वाट निघते हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड या गावानं दाखवलं. शिरोळ तालुक्यातल्या या गावानं ४ मे २०२२ रोजी ठराव केला, की नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात, १७ मे रोजी, राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही असा ठराव करायला सांगितलं. परिपत्रक आलं म्हणजे रीत बदलली असं नाही, हे आम्हालाही कळतं. ठराव झालेल्या गावातही बाईला आधी सासूशी आणि मग स्वतःच्या मनाशी भांडावंच लागत असेल. पण निदान ग्रामपंचायतीच्या वहीत तिच्या बाजूनं काहीतरी लिहिलेलं असतं.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत वाचून दाखवलं. तेव्हा काकू एवढंच बोलल्या, की एक रंग आपल्या सगळ्यांच्या नखाला सारखाच लागतो, मतदानाचा. खरंच की! १९६२ पासून आपल्या देशात निवडणुकीला म्हैसूरच्या कारखान्यातली शाई वापरतात. डाव्या हाताच्या तर्जनीवर, नखावर आणि कातडीवर मिळून रेघ ओढतात. ती धुऊन जात नाही, नखाबरोबर वाढून जाते, मेंदीसारखी. केंद्रावर बसलेला माणूस बोट धरताना कुणालाही विचारत नाही, की बाई, तुमचे मालक आहेत का?

१ मेच्या ग्रामसभेत हेरवाडसारखा ठराव मांडायचा, असं आमच्या गटानं ठरवलं आहे. अर्ज लिहून झाला. मागून बोलल्या होत्या त्या ताईंनी सही करायला दोन दिवस मागून घेतले आहेत, आम्हीही घाई केलेली नाही. काकूंची सही वरून तिसरी आहे. सही करताना त्यांच्या दोन नखांवरचा हिरवा रंग अर्धा उडालेला होता. "बाटली कुठं आहे?" त्यांनी पोरीला विचारलं. पोरगी बाटली घेऊन आली, आणि या वेळी उजव्या हातापासून सुरुवात केली.