राजाच्या शर्टांना इस्त्री करणारी आजी

सहावीच्या वर्गाला मी घरातल्या वडीलधाऱ्यांची एक जुनी आठवण लिहून आणायला सांगितली होती. एका मुलीची वही कोरीच. विचारलं, तर म्हणाली, "सर, माझी नानी नुसत्या विड्या वळायची. तिचा कसला इतिहास?"

मला तोरिल कोवे आठवल्या. नॉर्वेतल्या हामार शहरात १९५८ साली जन्मलेल्या या लघुपट दिग्दर्शिका. पुढे त्या कॅनडात माँट्रियलला गेल्या, आधी नगररचना शिकल्या आणि मग ॲनिमेशनकडे वळल्या. १९९९ मध्ये त्यांनी आपल्या आजीवर एक छोटी फिल्म केली. आजी राजाच्या शर्टांना इस्त्री करायची, एवढीच घरात सांगितली जाणारी गोष्ट. पण त्या गोष्टीचा धागा धरून देशाचा इतिहास उलगडतो.

१९०५ पर्यंत नॉर्वे स्वीडनच्या राजाखाली होता. त्या वर्षीच्या सार्वमतात वेगळं होण्याच्या बाजूने ३,६८,२०८ मतं पडली, विरोधात फक्त १८४. नव्या देशाला राजा हवा होता. तो डेन्मार्कहून आला आणि हाकोन सातवा झाला. आता राजा म्हटला की शर्ट आले, आणि शर्ट म्हटले की इस्त्री करणारे हात आले!

१९४० मध्ये जर्मन फौजा घुसल्या. त्यांच्या मर्जीतल्या क्विसलिंगला पंतप्रधान नेमायला राजाने नकार दिला आणि अखेर तो इंग्लंडला गेला. फिल्ममध्ये आजीपुढे आता जर्मन गणवेश येतात. आजी आणि तिच्यासारख्या बायका ते मुद्दाम बिघडवून ठेवतात.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबायला हवं. इस्त्रीची गोष्ट घरची, बायकांचं हे बंड मात्र कोवे यांच्या कल्पनेतलं. पण ती कल्पना हवेतून आलेली नाही. १९४२ मध्ये नाझी शिक्षक संघटनेत सामील व्हायला नॉर्वेच्या हजारो शिक्षकांनी खरोखरच नकार दिला. हजाराहून अधिक जणांना अटक झाली. त्यातल्या शेकडोंना दूर उत्तरेला किर्केनेसला मजुरीला पाठवलं. मी स्वतः शिक्षक असल्याने ही हकीकत मला फार जवळची वाटते.

या फिल्मला ऑस्करचं नामांकन मिळालं. २००७ मध्ये 'द डॅनिश पोएट'साठी कोवे यांना ऑस्करच मिळाला. आपले आईवडील एकमेकांना भेटले कसे, हा त्या फिल्ममागचा साधा प्रश्न. २०१४ च्या 'मी अँड माय मोल्टन'मध्ये बालपण आणि एका सायकलची वाट पाहणं आहे. भांडवल पुन्हा घरचंच.

त्या मुलीला मी प्रश्न लिहून दिले: नानी दिवसाला किती विड्या वळायची? हजारामागे मजुरी किती? छाट कोण काढायचं? आणि बजावलं, नानीने सांगितलेलं एका पानावर लिही, तुला वाटलेलं दुसऱ्या पानावर. दोन्ही एकत्र करू नकोस.

दुसऱ्या दिवशी पहिलं पान भरून आलं होतं. खाली लिहिलं होतं, "नानी अजून सांगतेय."